वरची स्थळे आणि तळची स्थळे

एकदा एक वृद्ध गृहस्थ होते. साऱ्या पंचक्रोशीची लग्ने जुळवणे हा त्यांचा व्यवसाय, आणि स्वतः मात्र जन्मभर अविवाहित. कोणी डिवचले की ते शांतपणे म्हणत, "दुसऱ्यांची स्थळं बघता बघता माझाच मुहूर्त टळला." नाव त्यांचे त्र्यंबक, पण गाव त्यांना त्र्यंबककाका म्हणे. नदीकाठच्या त्या तालुक्याच्या गावात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचे वधूवर सूचक मंडळ होते. गावकरी असे सांगत, आणि छातीवर हात ठेवून सांगत, की काकांनी जुळवलेली सगळी जोडपी एका पंगतीला बसवली असती, तर अख्ख्या नदीची आमटी करूनही वाढप्याला दुसरी फेरी मारता आली नसती. यातली थोडी आमटी वजा केली तरी माणूस मोठाच होता.

संगणक येण्यापूर्वी काकांच्या खोलीत बायोडाट्यांचे दोन गठ्ठे असत, एक मुलांचा आणि एक मुलींचा. रोज सकाळी मंडळ उघडले की काका एकेक गठ्ठा मांडीवर घेत, तळातले मूठभर कागद ओढून काढत आणि वर ठेवत. कधी मधूनच कापत, कधी सगळा गठ्ठाच पालथा घालत. बघणाऱ्याला वाटे, म्हातारा पत्ते पिसतो आहे. कोणी विचारले तर उत्तर ठरलेले, "कागदांना वारा लागू दे."

पुढे त्यांना एक शिष्य मिळाला. निरंजन त्याचे नाव. विम्याची नोकरी सोडून आलेला, तिशीतला, चलाख आणि मनाने वाईट मुळीच नव्हे. लग्न जुळवणे हेही एक शास्त्र आहे. मुलाकडचे "आम्हाला काही अपेक्षा नाहीत" असे म्हणतात तेव्हा नेमक्या कोणत्या अपेक्षा असतात, मुलीची आई चहाचा कप खाली ठेवते तेव्हा होकार असतो की नकार, हे सारे निरंजन काकांच्या शेजारी बसून शिकला. आणि नकार पोहोचवायचे या व्यवसायातले ते जुने, मऊ वाक्यही शिकला. रंग, उंची, पगार, वडिलांचा स्वभाव, नकाराचे कारण काहीही असो, समोरच्याला एवढेच सांगायचे, "योग नव्हता." या दोन शब्दांनी त्या गावात अनेकांची मने मोडता मोडता वाचली होती.

मग निरंजनने संगणक आणला. दोन्ही गठ्ठ्यांतला एकेक कागद त्याने स्वतः टंकून त्यात घातला. काकांनी विरोध केला नाही. उलट खोलीतला रात्रंदिवस खोकणारा जुना पंखा काढून नवा बसवून दिला, यंत्राला उकडू नये म्हणून. फक्त एक नियम त्यांनी जुन्या कागदांवरून नव्या फायलींवर आणला. कोणाचेही स्थळ कोणाला दाखवले की त्या फायलीच्या तळाशी एक ओळ लिहायची, अमक्यांना दाखवले, आणि मग ती फाइल जतन करायची.

आता ज्यांनी संगणक वापरला आहे त्यांना हे ठाऊक आहे, की फाइल उघडण्याची आज्ञा दिली की तो एक खिडकी पुढे करतो. तीत सगळ्या फायली मांडून ठेवतो आणि जणू विचारतो, यांतली कोणती देऊ? त्या कोणत्या क्रमाने मांडायच्या, नुसती नावे दाखवायची की मोठी चित्रे, हेही त्याला सांगता येते. आपण काही सांगितले नाही तर तो स्वतःच्या सवयीने मांडतो, आणि बहुतेक माणसे ती मांडणी देवाने केली असावी अशा श्रद्धेने वापरतात.

निरंजन त्यातला नव्हता. त्याने विचारपूर्वक क्रम लावला. जिच्यात सगळ्यांत अलीकडे काही लिहिले गेले ती फाइल सर्वांत वर, आणि दृश्य मोठ्या चित्रांचे. म्हणजे खिडकी उघडली की ताज्या स्थळांचे चेहरेच समोर येत. मुलाकडची माणसे खुर्चीत टेकतात न टेकतात तोच म्हणत, "ही बघू. ही नको. ती दुसरी कोण?" मंडईत वांगी निवडतात तसे काम भराभर होई. गावात निरंजनचे नाव झाले.

अडचण एकच होती, आणि ती म्हणजे काका.

रोज सकाळी निरंजन येण्यापूर्वी काका संगणकासमोर बसत, एका बोटाने काहीतरी करत, आणि सारा क्रम बिघडवून ठेवत. एखाद्या दिवशी सगळ्यांत जुनी फाइल वर. दुसऱ्या दिवशी नावांचा क्रम, तोही शेवटाकडून. कधी चित्रे नाहीशी होऊन नुसत्या नावांची रांग.

"काका, पुन्हा बदललंत?"

"बदललं."

"पण का? आज सकाळी देशमाने मंडळी आली, मला एक फाइल सापडेना. माणसं हसतात हो."

"वारा लागू दे कागदांना."

"हे कागद नाहीत, काका."

"मग जास्तच लागू दे."

निरंजनला वाटले, वय झाले. म्हाताऱ्यांचे हात जुनी कामे विसरत नाहीत. बिचारे अजून गठ्ठाच पिसत आहेत. त्याने वाद घातला नाही. शहरातल्या एका जाणकाराकडून त्याने ती खिडकी अशी बांधून घेतली, की कोणी कितीही उलटसुलट केले तरी पुढच्या वेळी ती निरंजनच्याच क्रमाने उघडावी. दुसऱ्या दिवशी काकांनी क्रम बदलला, खिडकी मिटली, पुन्हा उघडली. ताजे चेहरे जागच्या जागी हजर. काका थोडा वेळ त्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. मग उठले आणि दाराशी असलेल्या बाकावर जाऊन बसले. त्या दिवसापासून त्यांनी संगणकाला हात लावला नाही. निरंजनला हायसे वाटले.

अशी काही वर्षे गेली.

गावात लाकडाच्या वखारीचे एक मालक होते. त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठना एकुलता एक मुलगा, आणि त्याला दाखवलेली प्रत्येक मुलगी शेठना चारच दिवस आवडे. शेठ रोज मंडळात येत. "काय नवीन, निरंजनराव? आपला चिरंजीव वर आहे ना?" असे विचारत. आणि चिरंजीव वर असेच. कारण शेठ रोज येत, म्हणून फाइल रोज कोणा ना कोणा मुलीकडच्यांना दाखवली जाई, तळाशी ओळ वाढे, फाइल जतन होई आणि पुन्हा माथ्यावर जाऊन बसे. त्या मुलाच्या फायलीची शेपूट इतकी वाढली होती, की वाचायला बसलेला माणूस तळाशी पोहोचेपर्यंत त्याची दाढी वाढावी. या सगळ्यात काही गैर आहे असे कोणाला वाटायचे कारणच नव्हते. जो येतो त्याचे काम होते, हा जगाचा नियम.

एका सोमवारी दुपारी एक बाई आल्या. चाळिशीच्या अलीकडच्या. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, आणि नखांच्या कडांना मातीचा पुसटसा रंग. त्या तालुक्याच्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. नाव वृषाली सोनटक्के.

"माझी फाइल काढून टाकायची आहे," त्या म्हणाल्या.

"अरे वा. जमलं का, ताई? अभिनंदन."

"नाही. जमलं नाही म्हणूनच."

निरंजनने खिडकी उघडली. वरचे सगळे चेहरे त्याला शेजाऱ्यांइतके ओळखीचे होते. तो खाली गेला. आणखी खाली गेला. जसजसे खाली जावे तसतसे चेहरे अनोळखी होत चालले. फोटोतली केशरचना, कपडे, सारे जुन्या चालीचे. अगदी तळाशी एका जागी चेहराच नव्हता, नुसता पांढरा कागद. नाव सोनटक्के. बाईंनी आपला फोटो शेवटच्या पानावर लावला होता, म्हणून चित्रात पहिल्या पानावरची अक्षरे न दिसता नुसता पांढरेपणा दिसत होता.

"सापडली," निरंजन म्हणाला. "काढतो. पण राहू द्या ना, ताई. असलेली बरी."

"वडिलांसाठी ठेवली होती. ते गेले मागच्या महिन्यात. दर रविवारी विचारायचे, मंडळातून काही कळलं का गं. मी सांगायची, बघतायत लोक, पण नाही म्हणतायत. आता विचारणारं कोणी नाही, मग कशाला गर्दी?"

बाईंनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"एक विचारू का? रागावू नका. नाही म्हणणारे कोण होते ते मला नकोच. पण कारण काय द्यायचे हो? रंग? उंची? की नोकरी मातीतली, म्हणून? एकदा कळलं की डोक्यातून जाईल. नाहीतर काय होतं, माणूस रोज नवं कारण शोधत बसतो."

निरंजनच्या जिभेवर ते दोन मऊ शब्द आपोआप आले. त्याने तोंड उघडलेही. तेवढ्यात दाराजवळच्या बाकावरून आवाज आला.

"ताई, परवा याल का? बघून सांगतो तुम्हाला."

बाईंनी मागे वळून पाहिले. "फाइल काढायला दोन दिवस? लग्न याहून लवकर जमवता म्हणतात तुम्ही."

"लोक माझ्याबद्दल बरंच काही म्हणतात," काका म्हणाले. "त्यातलं निम्मं मीच पसरवलंय."

बाई किंचित हसल्या आणि गेल्या.

त्यांची पावले जिन्यावरून उतरेपर्यंत काका थांबले. मग म्हणाले, "काय सांगणार होतास?"

"योग नव्हता म्हणून. तुम्हीच शिकवलंत."

"दाखवून झाल्यावर म्हणायला शिकवलं होतं. उघड ती फाइल. तळाची ओळ वाच."

निरंजनने फाइल उघडली. नाव, जन्मवेळ, शिक्षण, नोकरी. मग अपेक्षा. बाकीच्या शेकडो फायलींत या ठिकाणी सुस्वरूप, निर्व्यसनी, स्थिर नोकरी असे शब्द असतात. इथे बाईंनी लिहिले होते, "जेवताना बोलणारा असावा. बाकी चालेल."

त्याखाली काही नव्हते. अमक्यांना दाखवले, अशी एकही ओळ नव्हती. फाइल टंकून ठेवली त्या दिवशी मिटली होती, ती आज उघडली.

निरंजनने ती रिकामी जागा पुन्हा एकदा वरखाली करून पाहिली. तिन्हीसांज झाली तशी दोघांनी मंडळ बंद केले आणि आपापल्या वाटेने गेले.

दुसऱ्या दिवशी निरंजन आला तेव्हा काका संगणकाच्या खुर्चीत बसलेले होते. खिडकी उघडी होती, पण तिच्यात एकही चेहरा नव्हता. नुसती नावे. आणि सर्वांत वर होती ती फाइल, जिला सगळ्यांत जास्त काळ कोणाचा हात लागला नव्हता.

"शहरातल्या त्या माणसाला फोन केला," काका म्हणाले. "तू बांधलेलं सोडवून घेतलं. आज वरून उघडायचं, आणि एकेक पूर्ण वाचायचं. तू वाच, मी ऐकतो."

"मोठ्यानं?"

"माझी नजर काय ते तुला ठाऊक आहे."

निरंजन वाचू लागला. एक मुलगा होता, वडिलांबरोबर घड्याळे दुरुस्त करणारा. एक मुलगी होती, जिने छंदांच्या रकान्यात "सध्या नाही" एवढेच लिहिले होते. एक विधुर होता. ही माणसे या यंत्रात इतकी वर्षे होती, आणि त्यांना आत घालणारे हात निरंजनचेच होते. त्याला त्यांतले कोणीही आठवत नव्हते.

दहाच्या सुमारास शेठ आले. बरोबर मुलीकडची मंडळी होती, खास जिल्ह्याच्या गावाहून आणलेली.

"निरंजनराव, आपला चिरंजीव दाखवा यांना."

"शेठ, जरा बसावं लागेल," निरंजन काकांकडे पाहत म्हणाला.

"बसायला आलो नाही मी. वरचीच तर आहे फाइल."

"आज वर नाही ती."

शेठ पुढे वाकले. पडद्यावर पाहिले. "हे काय? चेहरे कुठं गेले? काका, तुमच्याबरोबर कॉम्प्युटरलाही म्हातारचळ लागला का?"

"त्याला माझा गुण लागला, शेठ," काका म्हणाले. "चहा सांगतो. वाचायचं चाललंय, हे झालं की तुमचं."

"कोणाचं वाचताय?"

"जे येत नाहीत त्यांचं."

शेठनी पाहुण्यांकडे पाहिले, पाहुण्यांनी जमिनीकडे. मग शेठ उठले. "जिल्ह्याला नवं मंडळ निघालंय. तिथं एसी आहे, आणि गिऱ्हाईक ओळखतात," असे म्हणून सगळ्यांना घेऊन जिना उतरले.

खाली मोटारीचे दार आपटल्याचा आवाज आला, तेव्हा निरंजनला राहवले नाही.

"काका, मी चुकलो, मान्य. तिच्या बाबतीत चुकलो. पण मग एक काय ते ठरवून द्या. तारखेचा क्रम वाईट, तर कोणता चांगला? नावांचा? तोच लावतो. कायमचा."

काकांनी चष्मा काढला, आणि खुर्ची त्याच्याकडे वळवून ते बोलू लागले.

"नावांचा लाव. मग अत्रे रोज पहिले आणि हिरेमठ रोज शेवटचे. त्यांनी काय पुण्य केलं आणि यांनी काय पाप? तारखेचा लावलास, तर जो काल उघडला गेला तोच आज वर येणार, आणि वर आला म्हणून पुन्हा उघडला जाणार. जो तळाला गेला त्याला वर यायला शिडीच नाही. चित्रं मोठी केलीस, की ज्याचा फोटो चांगला तो वर न चढताही वर. कुठलाही क्रम लाव, निरंजना. क्रम म्हणजे निवाडाच असतो, फक्त तो बोलून दाखवत नाही, म्हणून कोणाला त्याचा राग येत नाही. समोर बसलेला माणूस समजतो, एवढीच स्थळं आहेत. आणि तळातला माणूस समजतो, आपल्याला नाकारलं. दोघांनाही माहीत नसतं की मधे तुझं बोट होतं. क्रमाशिवाय काम चालणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून मी कुठलाच टिकू देत नव्हतो. गठ्ठा रोज मोडत होतो."

निरंजनने मान खाली घातली.

"थांब. माझंही ऐक. तू ती खिडकी बांधून घेतलीस त्याच दिवशी मला कळलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, शिष्य हुशार आहे, त्याचं त्याला उमजू दे. गुरू व्हायची हौस, दुसरं काय. बाकावर बसून मी वाट बघत होतो, आणि वर्षं मात्र तिची जात होती."

खोलीत नवा पंखा फिरत होता. काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"उद्या त्या येतील," निरंजन हळू म्हणाला. "त्यांना काय सांगायचं?"

"ते तू ठरव. योग नव्हता म्हणालास तर त्या मान हलवतील, फाइल काढून घेतील आणि जातील. तुझं काही बिघडणार नाही. खरं बोललास तर काय होईल, ते मलाही माहीत नाही."

बुधवारी बाई आल्या. निरंजनने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभाच राहिला.

"ताई, तुम्ही विचारलं होतंत, कारण काय द्यायचे. कोणी काही कारण दिलं नाही."

"म्हणजे नुसतंच नको म्हणाले?"

"नाही. तुम्हाला नको कोणी म्हटलंच नाही. तुमची फाइल कोणाला दाखवली गेली नाही. मी क्रम असा लावला होता की ती तळाला गेली, आणि तळापर्यंत मी कधी गेलो नाही. मीच लावला होता, काकांनी नाही."

बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्याला वाटले, त्यांना नीट कळले नसावे. म्हणून त्याने आपला जुना क्रम पुन्हा लावला, पडदा त्यांच्याकडे वळवला, वरपासून खालपर्यंत सावकाश नेला, आणि फाइल उघडून तळाची रिकामी जागा दाखवली. "अपेक्षा वाचली मी तुमची," तो म्हणाला. "परवा. पहिल्यांदाच."

"एकालाही दाखवली नाही?"

"एकालाही नाही."

खालच्या गल्लीतून भांडीवाल्याचा आवाज गेला. बाईंनी पिशवीचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला.

"मी आरशात शोधत होते हो कारण," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण निरंजनला तो चढलेला असता तर बरे वाटले असते. "दर रविवारी एक नवं. एका रविवारी नाक, एका रविवारी आवाज. कोणाच्या लग्नाला गेले की वाटायचं, इथल्या कोणी कोणी बघितलं असेल मला, आणि नको म्हटलं असेल. मान वर करून जेवले नाही मी कुठे. आणि बाबांना सांगायची, बघतायत लोक. तेही खोटंच निघालं."

काका बाकावरून उठले, कष्टाने चार पावले पुढे आले, आणि त्यांनी बाईंसमोर हात जोडले. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाला हात जोडताना त्या गावाने देवळाखेरीज कुठे पाहिले नव्हते.

"असू दे, काका," बाई म्हणाल्या. "बसा तुम्ही."

त्या पुन्हा पडद्याकडे पाहू लागल्या. स्वतःच्याच जुन्या शब्दांकडे. मग, जणू लांबून चालत येऊन एखाद्या जागी पोहोचावे तशा, हळूच म्हणाल्या, "म्हणजे नकार नव्हता तो."

"नव्हता," निरंजन म्हणाला.

"कोणाचाच नव्हता."

"कोणाचाच नाही, ताई."

त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला. तो दुःखाचा होता की सुटकेचा, हे सांगणे निरंजनच्या शास्त्रात बसणारे नव्हते. मग त्या उठल्या आणि पिशवी खांद्याला लावली.

"काढू का फाइल?" त्याने विचारले.

"राहू दे." दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. "पण त्यात वय जुनं असेल. तेवढं बदला."

त्या गेल्यावर निरंजन खुर्चीत बसला. वयाच्या आकड्यापुढे ती बारीकशी उभी रेघ लुकलुकत होती. त्याने जुना आकडा पुसला. नवा लिहिण्यापूर्वी त्याचे बोट थांबले, कारण तेवढ्यात त्याच्या ध्यानात आले, की तळाच्या प्रत्येक फायलीत वय चुकीचे आहे. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या त्या मुलाचे, "सध्या नाही" लिहिणाऱ्या मुलीचे, त्या विधुराचे. माणसे तिकडे आपापल्या घरात मोठी होत गेली होती, आणि इथे ती ज्या दिवशी फाइल मिटली त्याच वयाची राहिली होती.

त्याने नवा आकडा लिहिला. मग खिडकी उघडली, तळाशी गेला, तिथली पहिली फाइल उघडली आणि तीतला दूरध्वनी क्रमांक लावला.

"नमस्कार, मंडळातून बोलतोय," तो म्हणाला. "विसरलो होतो तुम्हाला. आता कसे आहात, ते विचारायचं होतं."

वाचकहो, आपल्याही मनात माणसे कुठल्या ना कुठल्या क्रमाने लागलेली असतात. तळाच्या एखाद्याचे वय आपल्याकडे जुनेच राहिले आहे का, एवढे आज पाहावे.